जज्जआप्पा आणि उधन्याचा बाक

मार्च १९९६, रविवार. सुरतेच्या पांडेसरातल्या आमच्या शेजारच्या घरात, वत्सलावहिनींच्या ओट्यापाशी उभी राहून मी पोह्यांसाठी कांदे चिरत होते. त्यांच्या मंगलला बघायला दोंडाईच्याहून पाहुणे येणार होते आणि त्यांना आणायला वहिनींचे यजमान, जज्जआप्पा, उधना स्टेशनवर गेले होते. आमचं चुकलं ते इथेच.

आप्पा रंगाईच्या मिलमध्ये कामाला. जज्ज हे नाव गल्लीने दिलेलं, कारण रोज संध्याकाळी दारात बसून ते एकच खटला चालवत: वाईट कोण, दारू की गांजा? निकाल ठरलेला. दारू दोषी, गांजा निर्दोष. "दारू घर पाडते, बाई. गांजा माणसाला घरी बसवतो," असं ते चिलीम पुसत पुसत म्हणत. मी म्हणे, "पगार घरी बसून येत नाही, आप्पा." त्यावर ते प्रसन्न हसत. भांडण त्यांच्या अंगातच नव्हतं.

विरुद्ध बाजूचा वकील म्हणजे त्यांचा मेहुणा दगडू. गुजरातेत दारूबंदी, म्हणून हा सुटीच्या दिवशी गाडीने महाराष्ट्राच्या हद्दीत, नवापूरला जाऊन पिऊन येई. त्याचा मुद्दा कायद्याचा.

"दाजी, माझी दारू पलीकडे पाटी लावून विकतात. तुमचा गांजा हद्दीच्या दोन्ही बाजूंना बंद. मग वाईट कोण?"

"सरकार लॉटरीपण विकतं," आप्पा म्हणत. "म्हणून ती चांगली का? गांजा ओढून कोणी बायकोला मारलेलं ऐकलंस कधी?"

दगडू पाण्याचा तांब्या मागे. त्याची बायको त्याच कारणाने माहेरी गेलेली होती. मग आतून वहिनींचा आवाज येई, "तुमनी शांती चुलामा घाला! दळण आणायला धाडलं की गिरणीतच बसून राहतात!"

मंगल माझी विद्यार्थिनी. तिने मला एकदा स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, नोकरी, घर काही बघू नका. संध्याकाळी शुद्धीवर असणारा माणूस बघा." हे स्थळ तसं असल्याचं कळलं होतं, म्हणून ते हातचं जाऊ नये यासाठी वहिनींची आणि माझी धडपड. आप्पा निघताना मी बजावलं, "आज चिलीम नाही."

"गाडी वेळेवर आली तर अजिबात नाही," आप्पा म्हणाले.

ती गाडी वेळेवर आल्याचं मला तरी आठवत नाही.

पाहुणे आले ते आपले आपण, रिक्षा करून: मुलगा आणि त्याचे आईवडील. आप्पा सोबत नव्हते. "स्टेशनात आम्हाला घ्यायला कोणी दिसलं नाही," मुलाचे वडील म्हणाले, "पण बाकावर एक देवमाणूस बसला होता. त्याला विचारलं, रंगाईवाल्या आप्पांचं घर कुठे? त्याने कोपऱ्यावरच्या पिंपळापासून सगळी खूण सांगितली. रिक्षावाल्याला जास्त देऊ नका, हेही सांगितलं. वर म्हणाला, चांगलं घर आहे, जा."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी कढईकडे पाहिलं.

तासाभराने दारात दगडू उभा. नवापूरहून परतताना त्याला बाकावर आप्पा सापडले होते. डोलणाऱ्याने शांत बसलेल्याला धरून आणलं होतं की शांत माणसाने डोलणाऱ्याला, ते सांगणं कठीण होतं. आप्पांच्या पायांत चपला नव्हत्या.

"अहो, हेच ते!" मुलाचे वडील उठून उभे राहिले.

मी घाईने म्हणाले, "ऊन लागलंय त्यांना. पित्ताचा त्रास आहे."

"नाही बाई," आप्पा म्हणाले. "माझा गांजा आहे. याची दारू आहे."

मुलाच्या आईने विचारलं, "हे रोजचं का?"

"माझं रोजचं. याचं सुटीचं." एवढंच बोलून आप्पा भिंतीला टेकले. खटला मांडायला यापेक्षा भरलेलं कोर्ट त्यांना मिळालं नसतं. पण त्यांनी गांजाच्या बाजूने एक शब्द काढला नाही.

मंगल पोहे घेऊन आली होती. तिने ताट खाली ठेवलं. "मामा पिऊन हात उगारतो, आप्पा ओढून हातच हलवत नाहीत. दोघांत कमी वाईट कोण, हे ऐकत मी मोठी झाले. मला कमी वाईट नकोय. तुमच्या घरात काय आहे ते आत्ताच सांगा."

मी डोळे मिटून घेतले. गेलं स्थळ.

"मी तंबाखू खातो," मुलाचे वडील चाचरत म्हणाले.

"मी चहा," मुलगा म्हणाला. "जरा जास्तच."

त्याची आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "इतकी वर्षं मी यांची डबी लपवतेय. आता जोडीला कोणीतरी येईल." आणि तिने पोह्यांची बशी उचलली. लग्न ठरलं ते तिथेच.

पाहुणे गेल्यावर आप्पा म्हणाले, "बाई, मंगलनं आज दोघांनाही शिक्षा दिली."

"बरोबरच दिली," मी म्हणाले आणि भांडी घासायला घेतली.

आप्पा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. चिलीम त्यांची शेवटपर्यंत सुटली नाही. पण कमी वाईट कोण, हा प्रश्न त्यांनी त्यानंतर कधी काढला नाही. दगडूने उकरून काढला, तर म्हणत, "आमचं कोर्ट आता सासरी असतं."

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या आधी उधन्याला गेले होते. चपला बाकाखाली होत्या, जोडीने, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा. चोरालाही नकोशा वाटाव्यात इतक्या झिजलेल्या. त्या आणून मी आप्पांच्या दारात ठेवल्या आणि घंटा व्हायच्या आत वर्गात पोचले.