मंदाबाईचा उजवा कान

उजव्या कुशीवर ती कधी झोपायची नाही. चहा बशीतून, ओठाच्या डाव्या कोपऱ्याने. तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र उजवीकडे, शेवटच्या दाढेमागे, दिवसभर. बोलता बोलता मंदाबाई मध्येच थांबायची आणि मान वाकडी करून ऐकत राहायची.

"सासू बोलून राहिली," म्हणायची.

सासू, सुशीलाबाई, जुन्या गावात वारली होती. ते गाव मसणवटीसकट गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. पुनर्वसनाच्या नव्या गावात मंदाबाईचा कान ठणकू लागला, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. कोमट तेल झालं. पाण्याकाठी नारळ फोडून झाला. ठणका वाढला तसा खर्राही वाढला. तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं.

"काय म्हणते गं, मावशी?" शेजारची प्रतिक्षा विचारायची. ती नुकतीच एम.ए. झालेली. संध्याकाळी मावशीच्याच ओट्यावर असायची.

"काय म्हणन? भाजीत मीठ कमी हाय म्हणते. मेली, पण जीभ नाही मेली तिची."

एकदा प्रतिक्षाने बोर दिलं. मावशीला ते तोंडात सारता येईना. तोंडात दोन बोटंसुद्धा मावत नव्हती.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी कान पाहिला. कान स्वच्छ होता. मग तोंडात उजेड धरला. पार मागे, वरचा-खालचा जबडा मिळतो तिथे, जखम होती. तिचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला.

"दुखणं जबड्यात आहे," डॉक्टर म्हणाले. "नस ते कानात नेते."

नागपुरात जबड्याचा भाग काढला, मांडीचं मांस लावलं. मूळ राहू नये म्हणून पुढे रोजचा किरणांचा शेक. शेकताना डोकं हलू नये, यासाठी प्लास्टिकची गरम, ओली जाळी चेहऱ्यावर ताणून मुखवटा केला. निवताच तो कडक झाला. मावशीचं नाक, मावशीचं कपाळ. आत कुणी नाही.

मावशी आणि सोबतीला आलेली प्रतिक्षा दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहत होत्या. कानाचा ठणका गेला होता. मावशी मात्र मान वाकडी करून तासन्‌तास बसायची.

"काहून गं, मावशी?"

"गप झाली थे." शब्द फुटके यायचे. "भांडाले बी कोनी नाही राहिलं."

"थे सासू नव्हती, मावशी. दुखणं होतं. शेक अर्धवट सोडला तर परत येईल."

मावशीने झटकन वर पाहिलं.

"परत येईन थे?"

दुसऱ्या दिवशी तिची पिशवी दिसेना. गावाकडे जाणारी पवनीची एसटी केव्हाच सुटली होती. प्रतिक्षा दवाखान्यात धावली. आत मंदाबाईच्या नावाचा पुकारा होत होता. मुखवटा टेबलावर मांडून ठेवलेला. शेकाच्या निम्म्या पाळ्या बाकी होत्या.