एक दिवसाआड न्हाणं

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत टँकर आला की बायका हंडे घेऊन पळायच्या, आणि मी सगळ्यांच्या पुढं असायचे. लग्नाला दीडच वर्ष झालेलं, अंगात रग होती. दुष्काळ असला तरी शहर वाढतच होतं. मागच्या प्लॉटवर चार मजली इमारत उभी राहत होती आणि तिच्या स्लॅबवर मारायला पाणी कुठून येतं, हे विचारायची सोय नव्हती. एका सकाळी भरलेला हंडा कमरेवर घेतला आणि उजवा पाय माझा राहिलाच नाही. पडले. शेजारणीनं आधी हंडा सावरला, मग मला. तिला दोष देत नाही, मीही तेच केलं असतं.

नवरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होता. रजा टाकून त्यानं मला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटली आहे आणि नसांवरचं आवरण कुरतडते आहे. उंदरानं वायरचं प्लॅस्टिक खाल्लं की दिवा कधी लागतो, कधी लागत नाही, तसं. हा आजार बायकांनाच जास्त होतो, म्हणाले. का, म्हणून विचारलं तर त्यांनी हार्मोनचं नाव घेतलं. वयात येताना, बाळंतपणात, पाळी जाताना ती चढतात-उतरतात आणि ही राखण त्यांचं बरंचसं ऐकते. सगळं अजून कुणालाच नीट उलगडलेलं नाही, हेही त्यांनी कबूल केलं. मला त्या कबुलीचाच राग आला.

इंजेक्शनं सुरू झाली. माहेरी मी नुसता अशक्तपणा आहे म्हणून सांगितलं. आमच्या पाचोडला मेंदूचा आजार म्हणजे वेड, आणि धाकट्या बहिणीला स्थळं येत होती. खरं काय ते फक्त नवऱ्याला ठाऊक.

पुढं मूल हवं म्हणून डॉक्टरांना विचारून इंजेक्शनं थांबवली. दिवस राहिले, आणि खरं सांगते, इतकी धडधाकट मी आयुष्यात कधी नव्हते. मुंग्या गेल्या, डोळ्यांपुढचं धुकं गेलं, जिन्याचा कठडा धरावा लागेना. डॉक्टरांना नवल वाटलं नाही. पोटातलं बाळ अर्धं परकं असतं, त्याला शरीरानं हुसकून लावू नये म्हणून या महिन्यांत हार्मोन वाढतात आणि राखणीला गप्प बसवतात. तुमच्या नसांनाही त्याचा फायदा होतोय, म्हणाले. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाळ झालं की हे सगळं झपकन उतरतं. पुढचे तीन महिने धोक्याचे. साधी मुंगी आली तरी त्याच दिवशी यायचं. थांबलात तर पाय गमवाल."

मी मान हलवली. बऱ्या माणसाला मान हलवायला काय जातं?

पहिलं बाळंतपण माहेरचं. सातव्या महिन्यात पाचोडला गेले. त्या वर्षी वडिलांची मोसंबीची बाग वाळून गेली होती आणि झाडं तोडून अंगणात रचली होती. भर उन्हाळ्यात मुलगी झाली, आणि त्याच लाकडांचे निखारे आईनं घमेल्यात घालून माझ्या बाजेखाली सरकवले. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, सकाळ-संध्याकाळ शेक, रोज कढत पाण्यानं न्हाणं. शेक होता, पाणी नव्हतं. गावात टँकर तीन दिवसांनी यायचा. आई स्वतः चार-चार दिवस नुसतं अंग पुसून काढायची, तरी मला न्हाणं एक दिवसाआडच मिळायचं. त्याची तिला फार खंत होती.

तिसऱ्या आठवड्यात डाव्या पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. मला लगेच कळलं. काय आहे, काय करायचं आणि कधी करायचं, तिन्ही गोष्टी माहीत होत्या. पण सव्वा महिन्याच्या आत निघायचं तर कारण सांगावं लागणार होतं, आणि त्याच आठवड्यात बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते. परत इंजेक्शनं म्हणजे मुलीचं दूध तोडावं लागणार. आणि नऊ महिन्यांच्या सुखानं मी सोकावले होते, आजार गेलाच असं धरून बसले होते. शेक घेतला की डोळ्यांपुढं अंधारी यायची, निवलं की परत दिसायचं. हे उष्णतेनंच होतंय असं मी मनाला सांगत होते. नवरा रोज फोनवर विचारायचा. मी ठणठणीत म्हणायचे.

असे अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी सकाळी मुलगी रडली, तिला घ्यायला उठले तर कमरेखाली काहीच नव्हतं. हात पुरेना. ती रडत राहिली आणि मी वीतभर अंतरावरून बघत राहिले. आई धावत आली, न्हाणं कमी पडलं म्हणून बाळंतिणीच्या अंगात वारं भरलं म्हणाली आणि घमेल्यात आणखी निखारे घातले. दुपारी नवरा गाडी घेऊन आला.

डॉक्टरांनी पहिली मुंगी कधी आली ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. शेकानं त्रास तेवढ्यापुरता वाढला असेल, पण नसा शेकानं गेल्या नाहीत, म्हणाले. त्याच दिवशी आले असते तर चालले असते का, हे मीच विचारलं.

"खात्री कुणीच देणार नाही," ते म्हणाले. "पण संधी होती."

पाच दिवस सलाईनमधून औषध गेलं. उजवा पाय परत आला, डावा आला नाही. तेव्हापासून घरात वॉकर आणि बाहेर चाकांची खुर्ची. बहिणीचं मात्र तिथंच जमलं, म्हणून माहेरी खरं कारण तेव्हाही सांगितलं नाही.

तीन वर्षांनी ती बाळंत झाली. पाऊस बरा झाला होता, विहिरीला पाणी होतं. आई रोज सकाळी दोन हंडे तापवायची आणि बहिणीला घासून न्हाऊ घालायची. मी ओसरीत खुर्चीवर. बहीण आपल्या घरी सुखात होती, त्यामुळं लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आईला खरं सांगायला कसलीच अडचण नव्हती.

एकदा चुलीत लाकूड सारता सारता आई थांबली. "तुझ्या येळेला असं पाणी असतं ना माय, तर तू आज चालली असतीस," ती म्हणाली. "म्या एक दिवसाआड न्हाऊ घातलं. माझ्याच हातून तुझा पाय गेला, व्हय ना?"

"व्हय," मी म्हणाले. आई वारली तोवर तो दोष तिच्याच डोक्यावर राहिला.