नाचणाचा निरोप

काळापांढरा नाचण पक्षी सलग तीन सकाळी आयव्हीच्या दारात आला आणि शेपूट हलवत घराकडे तोंड करून बडबडला. नदीकाठच्या आदिवासींच्या मिशनवस्तीत हा पक्षी मरणाचा निरोप आणतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आयव्हीचा मुलगा पर्सी फ्रान्सला लढाईत होता आणि चार महिने त्याचं पत्र नव्हतं.

"आता नाव घेऊ नकोस गं त्याचं," शेजारची मोडमावशी म्हणाली. "घराला धुरी दे नि बाहेर पड. नाहीतर पोराचा जीव इथंच घुटमळेल."

"जाताना बजावून गेलाय, मावशी, घर सोडू नकोस म्हणून. वस्तीचा गोरा मॅनेजर रिकाम्या झोपडीवर टपलेलाच असतो."

"मेलेल्याला कसलं घर, बाई?"

आयव्हीचं मन मानेना. पण चौथ्या सकाळी पक्षी थेट उंबऱ्यावर बसला. ओल्या निलगिरीचा धूर तिने कोपऱ्याकोपऱ्यात फिरवला आणि नदीच्या वळणावर बहिणीच्या तंबूत राहायला गेली. मेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून वस्तीत पर्सीचं नाव कुणी घेईना.

मॅनेजरला तेवढंच हवं होतं. आठवड्यात झोपडी पाडली आणि तिथपासून नदीपर्यंत खुंट्या ठोकल्या. लढाईहून परतणाऱ्या शिपायांना शेतजमीन द्यायची होती म्हणे.

लोकरकापणीच्या दिवसांत पर्सी चालत आला. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. त्याला बघून एक म्हातारा चक्क मागे सरकला. आयव्हीने त्याला घट्ट धरलं, आणि मग तोंड लपवून रडली. "मीच सोडलं रे घर. मीच."

पर्सी तडक मॅनेजरकडे गेला. "जमीन शिपायांना ना? मग मी कोण?"

मॅनेजरने वही चाळली. "तुमचं घर रिकामं म्हणून नाव यादीतून काढलंय. आणि ही जमीन तुम्हा लोकांसाठी नाहीच."

"पक्षी खोटारडा निघाला मेला," हे कळल्यावर मावशी पुटपुटली.

"खोटा कुठला!" आयव्ही म्हणाली. "मरण सांगायलाच आला होता. मी पोराचं मरण धरून बसले, आणि गेली ती आपली जमीन."

पर्सी खुंट्यांमध्ये उभा होता, जिथे दार होतं तिथे. त्याला हाक मारायला कुणाची जीभ रेटेना. शेवटी आयव्ही ओरडली, मॅनेजरच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशी.

"पर्सी! घरी ये, बाळा!"

तो वळला. पण यायचं कुठे, ते त्याला कळेना.