भट्टी तिकडे गेली

मसाटच्या पोलाद कारखान्यात मला पहिली नोकरी लागली, तेव्हा भट्टीवरच्या काकांनी महिनाभर आपल्या डब्यातली भाकरी मला दिली. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. घरून पैसे मागायची सोय नव्हती, हे त्यांनी न विचारताच ओळखलं होतं. ते मूळचे खानदेशातले, अर्धं आयुष्य भंगार लोखंड वितळवण्यात गेलेले.

माझं काम दुसऱ्या दिवशीची वीज बाजारातून घेण्याचं. सकाळी बोली लावायची, दुपारी निकाल बघायचा. त्या वेळी काका गळ्याभोवती ओला पंचा गुंडाळून केबिनच्या दारात यायचे. "काय साहेब, उद्या चालू करायची का?" मला साहेब म्हणणं ही त्यांची थट्टा होती.

त्या उन्हाळ्यात बरेचदा नाही म्हणावं लागलं. विजेचा बाजार देशभर एकच असला, तरी लांबून वीज आणणाऱ्या तारा भरल्या की त्याचे विभाग पडतात आणि प्रत्येक विभागाचा भाव वेगळा निघतो. आमच्या बाजूचा चढायचा, मग काही तासांसाठी आमची बोली लागायची नाही. भट्टीला मध्येच वीज थांबून चालत नाही, आतला रस गोठतो. म्हणून अख्खा दिवस बंद. बंद दिवसाची हजेरी काकांना मिळत नसे.

एका दुपारी त्यांनी कारण विचारलं. मी फरशीवर खडूने दोन गोल काढले, मध्ये एक रेघ. इकडे आपण, तिकडे पूर्वेला कोळशाची वीजकेंद्रं, मधली ही तार. ते उकिडवे बसले आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

"तार भरली तर वीज इकडं कशाला ओढायची? भट्टीच तिकडं न्या ना. भंगार काय, कुठंही मिळतंय."

मी हसलो. मग आठवडाभर आकडेमोड केली आणि त्यांचं म्हणणं खरं निघालं. मालकांचा एक लहान कारखाना छत्तीसगडला होताच. मी टिपण लिहिलं, खाली माझी एकट्याची सही. व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं.

काकांनाही तिकडे बोलावलं होतं. पण इथे किलवणीच्या घरी काकू अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना सोडून ते जाणार नाहीत, हे मला टिपण लिहितानाही माहीत होतं.

भट्टी ट्रेलरवर चढवली त्या दिवशी दोर नीट आवळले नाहीत म्हणून काका मजुरांना रागावत होते. कडेला धक्का लागेल, भट्टीचं आतलं अस्तर तडकेल, सावकाश. ट्रेलर फाटकाबाहेर गेला तसे ते पंच्याला हात पुसत माझ्याजवळ आले.

"मी बोललो होतो ते बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं, काका."

त्यांनी मान डोलावली. चेहऱ्यावर समाधान होतं, शाळेत उत्तर बरोबर आल्यावर दिसतं तसं. टिपणात ते कुणाच्या नावावर आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.