जावेपेक्षा मोठी पॉलिसी

करुणाला कॅन्सर झाला आणि निशाला तिचा हेवा वाटू लागला. हे तिने कोणाला सांगितलं नाही; सांगण्यासारखं नव्हतंच. गारखेड्यातली थोरली जाऊ केस गेलेली, तोंडात फोड आलेली, आणि पुंडलिकनगरातली धाकटी, धडधाकट, ब्लाउज शिवता शिवता जळते आहे.

हेवा आजाराचा नव्हता. करुणाची केमोथेरपी सुरू झाली तसं तिच्या नवऱ्याने, बद्रीनाथने, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाचं शटर ओढलं ते कित्येक महिने वर केलं नाही. निशा डबा घेऊन जाई तेव्हा तो बायकोच्या उशाशी बसून मोसंबीच्या फोडी सोलत असे. दुकान बंद, तरी घरात चणचण नव्हती. निशाने आडून आडून विचारलं तेव्हा कळलं, की करुणाच्या नावाने गंभीर आजाराची पॉलिसी होती. निदान झालं आणि ठरलेली रक्कम एकदम हातात आली.

बायकोच्या नावाने! त्यांच्या घरात विमा निघायचा तो कमावत्या पुरुषाचा. निशाच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि तिच्या नावाने गॅसचं कनेक्शनही नव्हतं.

"मी अंथरुणाला खिळले तर तुम्ही घरी बसताल का?" तिने अतुलला विचारलं.

अतुल वाळूजला कारखान्यात होता. "कंपनीचा मेडिक्लेम हाय ना सगळ्यांचा."

"मी दवाखान्याच्या बिलाचं इचारलं का?"

"तुला काय होतंय? साखर तर निम्म्या गावाला हाय."

ती साखर तीन वर्षांपासून होती आणि नवराबायको सोडून कोणाला माहीत नव्हती. गोळ्या कॅल्शियमच्या बाटलीत राहायच्या. त्याला कारण होतं. फुलंब्रीला राहणाऱ्या सासूने, साळूबाईने, दोन्ही सुनांची वाटणी केव्हाच करून टाकली होती: थोरली देखणी पण नाजूक, धाकटी दणकट. करुणापुढे मिरवायला निशाकडे तेवढंच होतं.

तरी तिने एजंट सोमनाथला बोलावलं. तो अतुलचा चुलतभाऊ. करुणाची पॉलिसीही त्यानेच काढली होती.

"वहिनी, हे मेडिक्लेमसारखं नाय," बशीत चहा ओतत तो म्हणाला. "मेडिक्लेम बिल भरतो. इथं यादीतला आजार निघाला की पैसा एकरकमी तुमच्या हातात. घर चालवा, नवऱ्याला बसवून ठेवा, कोण इचारत नाय. पण आजार यादीत पाहिजे, आणि कंपनीनं लिहिलाय तेवढा वाढलेला पाहिजे. लई सुरुवातीच्या कॅन्सरला काही कंपन्या थोडेच देतात, काही कायच नाय. पहिल्या तीन महिन्यांत निघाला तर दावा नाय. आन निदानानंतर महिनाभर तरी माणूस जगला पाहिजे."

"करुणाताईंची केवढ्याची होती?"

"वहिनी, यादी बघा आधी."

"त्यांच्यापेक्षा मोठी काढा."

"ही काय पैठणी हाय का?" सोमनाथ हसला, मग पेन काढलं. "बीपी, साखर, थायरॉईड? तुमच्या वयाला कंपनी रक्त तपासत नाय. तुम्ही सांगाल तेच लिहायचं."

निशाने पदर सारखा केला. सोमनाथ दर आठवड्याला फुलंब्रीला जायचा आणि साळूबाईच्या ओट्यावर चहा प्यायचा. इथे 'हो' म्हटलं की ते तिकडे पोचलंच.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गारखेड्याला गेली. करुणाच्या डोक्यावर बोटभर केस आले होते आणि तेही तिला शोभत होते.

"ताई, पैसे देताना कंपनीनं त्रास दिला का हो?"

"दिला तर. त्यांची माणसं जुन्या डॉक्टरकडं जाऊन आली, मेडिकलवाल्याला इचारलं. मी आधीच बीपी लिहिलं होतं म्हणून सुटले. लपवलं असतं तर बोट ठेवायला जागा झाली असती."

"समजा एखादीनं साखर लिहिली नाय. कॅन्सरचा आन साखरेचा काय संबंध?"

"संबंध असू दे नायतर नसू दे, खोटं ते खोटं." करुणाने तिच्याकडे पाहिलं. "किती दिवस झाले गं?"

"कशाला?"

"कॅल्शियमची गोळी कोणी जेवणाआधी घड्याळ बघून घेतं का? तुझ्याकडं जेवायला आले की बघते मी."

निशा चहा न घेता उठली. रिक्षात बसल्यावर तिने सोमनाथला फोन लावला. "साखर लिहा. तीन वर्षं. गोळीचं नाव बी लिहा." आवाज इतका चढला होता की रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं.

पॉलिसी मिळाली, पण साखरेमुळे हप्ता वाढला आणि कंपनीने रक्कम कापली. ती करुणाच्या रकमेच्या निम्मीसुद्धा नव्हती. तरी नाव निशाचं होतं.

सोमनाथ बोलला की करुणा, ते कळलं नाही. आठवडा उलटायच्या आत साळूबाईचा फोन आला. "निशे, साखर हाय म्हणं तुला? मी समजत होते, तू तरी दणकट हायेस."

दिवाळीला गारखेड्याहून फराळ आला. त्यात एक डबा निराळा होता; खजूर-डिंकाचे लाडू, वर करुणाच्या अक्षरात 'निशासाठी, बिनसाखरेचे'. दोन दिवस तिने तो उघडला नाही. तिसऱ्या दिवशी अतुल कामावर गेल्यावर एक लाडू फोडून खाल्ला. चांगला झाला होता. तिचे स्वतःचे कधी असे वळले गेले नव्हते.