आवाज गेल्यावरचे आभार

सायमन अंकलनी पाण्याचा घोट घेतला आणि त्यांना जोराचा खोकला सुटला. गळ्यावरच्या छिद्रातून पाणी बाहेर आलं. मी टिश्यू लावला, टॉर्च मारून बघितलं. व्हॉल्व्हच्या कडेने गळत होतं. पुन्हा.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, अंधेरीच्या एका हॉस्पिटलमध्ये. कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागतं, त्यांना परत बोलायला शिकवते. अशा पेशंटचा श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून चालतो. श्वासनळी आणि अन्ननळीच्या मधल्या पडद्यात एक छोटा व्हॉल्व्ह बसवतात. छिद्रावर अंगठा दाबला की हवा त्या व्हॉल्व्हमधून वर जाते आणि आवाज फुटतो. अंकलचा फुटलाही होता. पण रेडिएशनने आतला भाग नाजूक झाला होता आणि व्हॉल्व्हभोवतीचं भोक रुंदावत चाललं होतं. पाणी फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया ठरलेला.

सर्जन सरांनी बघितलं. "काढा. भोक बंद होऊ दे. तोवर जेवण नाकातल्या नळीने."

"आणि बोलणं, सर?"

"आधी जगू दे त्यांना, दीपाली."

अंकल मरोळ गावठाणातले, रिटायर्ड फिटर. लग्नाआधीपासून चर्चच्या क्वायरमध्ये गाणारे. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पांढरा बोर्ड मांडीवर घेतला, मार्करने लिहिलं, 'आभारी', आणि बोर्ड माझ्याकडे वळवला.

मला ते झेपलं नाही. ऑपरेशन झालं तेव्हा 'आभारी'. रेडिएशनने घसा सोलवटला तेव्हा 'आभारी'. बाहेर सरही म्हणाले, "हे नॉर्मल नाही. सायकियाट्रीला रेफर कर." आम्हाला शिकवलेलंच असतं, की जो पेशंट चिडत नाही त्याच्यावर नजर ठेवा. अशी माणसं एक दिवस अचानक कोसळतात.

पण रेफरलसाठी माझा हात चालेना. कॅन्टीनमध्ये चहा घेतला, अर्धा टाकला. परत वर गेले. व्हॉल्व्ह निघाला होता, नाकात नळी होती. शेजारी त्यांची बायको, रेजिना आंटी, मोसंबीचा रस गाळत बसली होती.

"अंकल, खरं सांगा," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. "कशाचे आभार मानता? नाकात नळी, गळ्याला भोक, गाणं गेलं. राग येत नाही?"

आंटीनेच उत्तर दिलं. "बाय, तू घरी नाय बघितलास त्याला. उशा फेकतो भिंतीवर. रडतो. क्रुसासमोर बसून भांडतो. आवाज नाय, तरी भांडतो."

अंकलनी लिहिलं, 'राग त्याच्यावर काढतो. तुमच्यावर कशाला?'

"मग आभार कोणाचे? कॅन्सरचे?"

त्यांनी जोरात मान हलवली. मार्कर कर्रकर्र वाजला. 'कॅन्सर वाईटच. त्याचे आभार कधी मानणार नाही.' पुसलं. 'येशू मेला. खरंच मेला. मग उठला. मीपण उठणार. गळ्यासकट.' पुसलं. 'सगळं इथेच संपणार असतं, तर मी फक्त काय काय गेलं तेच बघत बसलो असतो. संपणार नाही, म्हणून आज काय मिळालं ते बघता येतं.'

"काय मिळालं आज?"

त्यांनी आंटीकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे.

मी घाटकोपरच्या बौद्ध घरातली. आमच्याकडे दुःख असलं तर त्याचं कारण शोधायचं आणि कामाला लागायचं. मेल्यावर उठायचं गणित मला येत नाही. "आणि नाही उठलात तर?" मी विचारून बसले.

ते हसले. आवाजाशिवाय, नुसते खांदे हलले. 'तर माझ्यासारखा मूर्ख कोणी नाही.'

मी सरांना सांगितलं, "सायकियाट्री नको. रडतात, चिडतात, परत उभे राहतात. आभार हा त्यांचा विश्वास आहे."

"ठीक. पण पेशंट बोलणार कधी?"

आतलं भोक बंद झालं, नाकातली नळी निघाली, पण पुन्हा व्हॉल्व्ह बसवायला सर तयार नव्हते. उरलं एकच. टॉर्चसारखं एक मशीन असतं, गळ्याला लावलं की थरथरतं आणि तोंड हलवलं की त्या थरथरीचे शब्द होतात. आम्ही ते लावलं. नुसती घरघर. रेडिएशनने मान लाकडासारखी कडक झाली होती, आवाज आत जाईचना. गालाला लावलं, हनुवटीखाली लावलं. काही नाही. त्या दिवशी अंकलनी बोर्ड हातातसुद्धा घेतला नाही. भिंतीकडे तोंड करून बसले. मला घरी जेवण गेलं नाही.

पुढच्या वेळी मी मशीनला बारीक नळी जोडली आणि तिचं टोक त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात ठेवलं. "हळू. एकच शब्द."

"रे-जि-ना."

मिक्सरच्या भांड्यातून कोणी हाक मारावी तसा आवाज. आंटीने पर्स टाकली आणि त्यांचा हात धरला. मग अंकलनी प्रार्थनागीताची एक ओळ म्हणून बघितली. मशीनला एकच सूर. ओळ सपाट पडली. त्यांनी बटण बंद केलं. डोळे भरले.

मग बटण चालू केलं. "आभारी, मॅडम."

या वेळी त्या शब्दासाठी त्यांना काय किंमत मोजावी लागते ते मला दिसलं.

अंकल आता बोलतात. रिक्षावाला दचकतो, फोनवर लोक रेकॉर्डिंग समजून कट करतात. गाणं परत आलं नाही, येणारही नाही. दर फॉलोअपला स्कॅन असतो आणि रिपोर्ट उघडताना मलाच भीती वाटते. त्यांना विचारलं तर म्हणतात, "मलापण."

शिकले ते एवढंच. आभार मानणारा पेशंट सोपा असतो असं समजून आम्ही पुढच्या बेडकडे जातो. जाऊ नये. त्यालाही दुखतंय का, हे विचारावं. बहुतेक वेळा दुखतच असतं.