हसतमुख नसलेल्या माणसाचं मानपत्र

आमच्या गावात कुणी रिटायर होणार असलं, की पहिला फोन मंडपवाल्याला जातो आणि दुसरा मला. बदनापूरपासून जवळच छोटं गाव आमचं, पण नोकरदार बरेच. आणि सेवापूर्ती म्हणजे इथं निम्मं लग्नच. नवरा-बायकोला स्टेजवर खुर्च्यांत बसवतात, फेटा बांधतात, पाव्हणे टॉवेल-टोपीचा आहेर करतात आणि शेवटी मानपत्र वाचून फ्रेमसकट हातात देतात. ते मानपत्र लिहायचं आणि माइकवर वाचायचं काम दहावीपासून माझ्याकडं आहे. अक्षर चांगलं आणि तोंड त्याहून चांगलं, म्हणून.

माझ्या मानपत्रात प्रत्येक माणूस कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि हसतमुख असायचा. प्रत्येक जण चंदनाप्रमाणे झिजलेला असायचा. एक गुरुजी वर्गात खुर्चीवर मान टाकून झोपायचे, आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं, पण माझ्या मानपत्रात तेही चंदनाप्रमाणे झिजले आणि मंडपात टाळ्या पडल्या. जालन्यात मस्तगडला जो फ्रेमवाला आहे, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये माझा मजकूर ठेवलेलाच होता. मला पाहिलं की तो विचारायचा, "ताई, नुस्तं नाव बदलायचं ना?" मी म्हणायची, "हो, आणि जल्दी करा, गाडी चुकल." मला स्वतःचा केवढा अभिमान! लेखिका म्हणजे आणखी काय असतं हो?

अशा तोऱ्यात मी जालन्याच्या कॉलेजात एम.ए.ला गेले आणि दुसऱ्या वर्षाला सर्जनशील लेखनाचा पेपर घेतला. मनात म्हटलं, हा तर आपल्या हातचा मळ. शिकवायला एक मॅडम होत्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी पहिलंच काम दिलं, घरातल्या एका माणसावर एक पान लिहा. मी पप्पांवर लिहिलं. पप्पा लाइनमन. वर्गात उभी राहून असं वाचलं, की बाहेरच्या व्हरांड्यातली पोरं थांबून ऐकायला लागली.

मॅडमनी छान म्हटलं नाही. माझं पान घेतलं आणि शेजारच्या मुलीला दिलं. तिचे वडील ट्रॅक्टर चालवतात. म्हणाल्या, "लाइनमनच्या जागी ट्रॅक्टर घाल आणि वाच." तिनं वाचलं. चपखल बसलं. मग एकाचे वडील बांगड्यांचं दुकान चालवतात, त्याला दिलं. तिथंही बसलं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा भोकरदनकडचा पोरगा म्हणाला, "मॅडम, आमच्या बैलालाबी बराबर लागू होऊन राह्यलंय. कष्टाळू, मनमिळाऊ. हसतमुख तेवढा न्हाई." वर्ग खो खो हसला. मॅडमही हसल्या. मीच काय ती तोंड फुगवून बसले.

परतीच्या गाडीत माझा नुसता जळफळाट चालला होता. बैल म्हणे! खिडकीशी बसून त्या पोराला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की स्टेशन कधी आलं ते कळलं नाही. घरी पोचले तर दारातच पप्पा कुणाशी तरी फोनवर बोलत होते. समोरच्यानं विचारलं असणार, लाइट कधी येईल. पप्पा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "लाइटला इचारून सांगतो," आणि फोन ठेवला. मी पायरीवरच उभी राहिले. आमच्या पप्पांना मनमिळाऊ आणि हसतमुख लिहिलं होतं मी! मलाच हसू फुटलं. पप्पांनी विचारलं, "काय झालं गं?" काय सांगणार, बैलाची गोष्ट?

पुढचं काम असं होतं, की तेच पान पुन्हा लिहायचं, पण माणूस कसा आहे ते सांगायचं नाही, तो काय करतो तेवढंच लिहायचं. लई अवघड! विशेषणं काढून घेतल्यावर माझ्याकडं शिल्लक काहीच राहिलं नाही. मग मी पप्पांच्या मागावर राहिले. ते जेवताना बघ, बूट घालताना बघ, खांबाकडं निघाले की मागं मागं जा. दोन-तीन दिवस त्यांनी सहन केलं, मग भडकले, "काय बघून राह्यली सारखी? मीटर लावलंय का माझ्या तोंडाला?"

पण काय काय सापडत गेलं! वारं सुटलं की कुणाचा फोन यायच्या आधीच पप्पा उठून बूट घालतात. वर चढून काम झालं, की लगेच उतरत नाहीत, थोडा वेळ तिथूनच गाव बघतात. कुणाच्याही लग्नात पंगतीला बसले तर समोर डीपी, म्हणजे गावच्या लाइटचा ट्रान्सफॉर्मर, दिसेल अशीच जागा धरतात, नवरा-नवरी दिसोत न दिसोत. आणि सगळ्या गावाची लाइट आली, की घरोघरी नजर टाकून स्वतःशीच म्हणतात, "बराबर हाय." हे दोन शब्द ते लाइटशिवाय कशालाच म्हणत नाहीत. माझ्या दहावीच्या निकालालाही म्हणाले नव्हते. हे सगळं मी जन्मापासून बघत होते आणि कधी लिहावंसं वाटलं नव्हतं.

वर्गात वाचलं तेव्हा कुणी हसलं नाही. मॅडमनी डीपीच्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाल्या, "हे आता दुसऱ्या कुणाच्या वडलांना बसत नाही." मागच्या बाकावरून आवाज आला, "बैलालाबी न्हाई." त्या दिवशी गाडीत मला बसायला जागा नव्हती आणि नको होती. दाराशी उभी राहून मी एकटीच हसत होते. एका म्हातारबाबांनी विचारलं, "नोकरी लागली का बाई?" मी हो म्हटलं. तेवढा आनंद झाला होता, खरंच.

तर असं सगळं चाललेलं असताना पप्पांची सेवापूर्ती आली. मानपत्र कुणी लिहायचं, हा प्रश्नच नव्हता. पण आता मला जुनं लिहिता येईना. आणि खरं लिहायचं, तर मोठ्या ताईच्या लग्नावाचून लिहिताच येत नव्हतं.

ताईचं लग्न दोन वर्षांमागं आमच्याच दारात झालं, गोरज मुहूर्तावर. मंगलाष्टकं सुरू व्हायला आणि लाइट जायला एकच गाठ पडली. माइक बंद, पोरांनी मोबाइलच्या बॅटऱ्या लावलेल्या. नवरीचा बाप नव्या कपड्यांत, फेट्यासकट, मंडपामागच्या खांबावर चढला. मुहूर्त थोडाच थांबतो? गुरुजींनी घसा ताणून मंगलाष्टकं म्हटली, अक्षता पडल्या, हार घातले गेले आणि मग लाइट आली. पाव्हण्यांकडची मंडळी लई रागावली. पोरीच्या डोक्यावर बापाच्या अक्षता न्हाईत, हे कसलं लग्न? ताईच्या सासूबाई अजून ऐकवतात. आणि ताई, जाताना माझ्या गळ्यात पडून रडली ती त्याच्यासाठीच. "सगळ्या गावानं टाकल्या गं. पप्पाच्याच पडल्या न्हाईत." त्यानंतर आमच्या घरात हा विषय कुणी काढला नाही. पप्पांनी तर कधीच नाही.

मी तो लग्नाचा प्रसंग मानपत्रात लिहिला. काकांना, म्हणजे पप्पांच्या धाकट्या भावाला, आधी वाचून दाखवला तर ते ताडकन उठले. "येडी झाली का? ताईच्या सासरची माणसं पुढं बसणार, इंजिनिअर साहेब येणार. भरल्या मंडपात बापाची इज्जत काढती का? कर्तव्यदक्ष लिही न् मोकळी हो." आईचाही चेहरा उतरला. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मार्क मी देऊ शकते. हे तुलाच ठरवावं लागेल." काय उपयोग अशा मॅडमचा!

फ्रेमवाल्यानं नवा मजकूर वाचला आणि काळजीत पडला. "ताई, ह्याच्यात चंदन राह्यलं जी. हसतमुखबी न्हाई." मी म्हटलं, "राहू द्या." म्हटलं खरं, पण मनात भीती होतीच. पप्पांचं मन दुखावलं, ताईच्या संसारात नवा टोमणा आला, तर कुठली लेखिका आणि कुठलं काय?

मंडप गच्च भरला होता. पप्पा फेटा बांधून खुर्चीत बसलेले, कपाळावर आठ्या, डोळे सवयीनं डीपीकडं. ताई पुढच्या रांगेत, शेजारी तिच्या सासूबाई. मी माइक घेतला. "लाइटला इचारून सांगतो" वर मंडप असा काही हसला, की इंजिनिअर साहेबांना डोळे पुसावे लागले. पंगत आणि डीपीचं वाचलं, तेव्हा माणसं पप्पांकडं वळून बघायला लागली. मग मी लग्नावर आले. काकांनी मान खाली घातली. मी वाचलं, की माझ्या बहिणीच्या लग्नात सगळ्या गावाच्या अक्षता पडल्या, फक्त पप्पांच्या नाही, कारण ते खांबावर होते आणि त्यांच्यामुळं आम्हाला हार घातलेली ताई उजेडात दिसली. कसंबसं संपवलं.

टाळ्या पडायच्या आधीच पप्पा उठले. त्यांनी आयुष्यात कधी माइक धरलेला नाही. माझ्या हातातला घेतला, उलटा धरला, काकांनी सुलटा करून दिला.

"एक चुकलंय ह्याच्यात," पप्पा म्हणाले.

मी फ्रेममधल्या ओळी पुन्हा शोधायला लागले.

"माझ्या अक्षदा पडल्या. वर जायच्या आधी कुणीतरी हातात दिल्त्या, मी खिशात टाकल्या. वरून मांडव दिसत व्हता सगळा, मोबाइलच्या बॅटऱ्यात. गुरुजीचा आवाजबी येत व्हता. जवा जवा सावधान म्हणले, तवा तवा टाकल्या. वारं खांबाकडून मांडवाकडंच व्हतं. पडल्या असतील." त्यांनी फेटा सारखा केला. "मंगच तारंचा जंपर जोडला, लाइट आली."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. आणि ताई, आमची गरीब गाय ताई, भर मंडपात उभी राहून ओरडली, "मंग दोन वर्सं सांगायचं न्हाई का पप्पा!"

"कुणी इचारलं का?" पप्पा तिच्यावरच डाफरले.

अख्खा मंडप हसला. ताई रडता रडता हसायला लागली आणि तशीच स्टेजवर चढून पप्पांना बिलगली. खरंच कुणी विचारलं नव्हतं. मी एवढी मागावर राहिले, बूट बघितले, आठ्या बघितल्या, पानंच्या पानं लिहिली, पण समोर बसून एकदा विचारलं नाही. मी आपली फ्रेम छातीशी धरून उभी.

ताईच्या खांद्यावरून पप्पांनी माझ्याकडं बघितलं. माइक अजून हातातच होता, त्यामुळं सगळ्या गावानं ऐकलं.

"तेवढं दुरुस्त कर," ते म्हणाले. "बाकी बराबर हाय."